शेवटच्या दिवसांतलं सलाईन

"डॉक्टर, निदान सलाईन तरी लावा." घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं अन्न सुटलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. आपल्या डोळ्यांदेखत आई उपाशी जाते आहे, ही कल्पनाच सहन होत नाही.

पण शेवटच्या टप्प्यात मुळात भूकच मरते. दुर्धर आजारात रक्तात वाढणारी दाहकारक रसायनं मेंदूतली भुकेची यंत्रणा दाबून टाकतात. खाणं थांबल्यावर चरबी जळून कीटोन तयार होतात, त्यांनीही भूक मंदावते. अमेरिकेत शुद्धीवर असलेल्या 32 मरणासन्न रुग्णांचा अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 20 जणांना शेवटपर्यंत भूक लागलीच नाही, 11 जणांना फक्त सुरुवातीला लागली. तोंडाची कोरड घोटभर पाण्याने, बर्फाच्या तुकड्याने भागत होती.

मग सलाईनने काय साधतं? ह्यूस्टन परिसरात कर्करोगाच्या 129 रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींना रोज 1 लिटर सलाईन दिलं, तर काहींना नावापुरतं 100 मिलिलिटर. 2013 साली निष्कर्ष आले. थकवा, गुंगी, भास यांत लक्षणीय फरक नव्हता आणि आयुष्यही वाढलं नाही. मूत्रपिंडं थकलेली आणि रक्तातलं अल्ब्युमिन घटलेलं असेल, तर शिरेतून दिलेलं पाणी बाहेर झिरपतं. पाय सुजतात, फुप्फुसांत पाणी साचून धाप वाढू शकते.

जुलाबांनी कोरड्या पडलेल्या, बरं होऊ शकणाऱ्या आजोबांना हेच सलाईन जीवदान देतं. आपला रुग्ण यांपैकी कुठे आहे, हे डॉक्टरांनी नातेवाइकांना समोर बसवून सांगायलाच हवं. ते अवघड बोलणं टाळण्यासाठी बाटली लटकवणं मला अन्यायाचं वाटतं.

घरच्यांनी करण्यासारखं पुष्कळ असतं. ओल्या, पिळलेल्या बोळ्याने जीभ आणि हिरड्या दर थोड्या वेळाने पुसाव्यात, ओठांना तूप लावावं. गिळता येत असेल आणि इच्छा असेल, तर पाठीला उशा देऊन बसवावं, अर्धा चमचा पेज द्यावी, कंठ वर सरकून खाली आलेला दिसला की मगच पुढचा चमचा. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं आणि श्वासाची वाट झाकली जाते. घाई केली तर घास तिकडे जातो. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या अवस्थेत नळीने भरवल्याने आयुष्य वाढल्याचा किंवा न्यूमोनिया टळल्याचा पुरावा नाही, म्हणून अमेरिकेतली वृद्धवैद्यकांची संघटनाही हातानेच सावकाश भरवायला सांगते. आईने तोंड फिरवलं, की वाटी बाजूला ठेवावी.