आवाज मोजताना : जुना लॅपटॉप इतक्यात मोडीत काढू नका

घुमणुकीचा काळ हा या सदराचा ठरलेला विषय आणखी एक आठवडा थांबेल. पुरानी बस्तीतून एका वाचकांचा प्रश्न आलाय आणि सण तोंडावर असताना तो मागे ठेवणं बरं नाही. महामाया मंदिराच्या परिसरात ते मंडपांना साउंड लावतात. नवा लॅपटॉप घेतला, लायसन्सचं मापनाचं सॉफ्टवेअर त्यावर टाकलं, सेटिंग्जही जशीच्या तशी आणली. माईक तोच, स्पीकर तोच, अंतरही तेच. आकडा मात्र सहा डेसिबलने वर. सॉफ्टवेअर बिघडलं का?

नाही. पण सहा डेसिबल म्हणजे ध्वनिदाब दुप्पट. २०००च्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. तिथे एवढ्या फरकाने बरोबर माणूस चूक ठरतो.

लायसन्सचं आधी उरकू. ते बहुधा संगणकाच्या हार्डवेअरशी बांधलेलं असतं, म्हणून जुन्या यंत्रावर ते डिअ‍ॅक्टिव्हेट करून मगच डिस्क फॉरमॅट करा. डोंगल असेल तर तो नुसता काढून नव्याला लावायचा आणि त्याचा ड्रायव्हर टाकायचा. सेटिंग्ज कधी फाइलमध्ये असतात, कधी विंडोजच्या रजिस्ट्रीत. रूम ईक्यू विझार्ड या मापनाच्या सॉफ्टवेअरची रजिस्ट्रीत असतात. तेवढा भाग एक्स्पोर्ट करून नव्या यंत्रावर उघडला की झालं. फक्त कॅलिब्रेशन फाइलचा पत्ता बदलला असेल तर तो नव्याने दाखवावा लागतो.

खरी मेख पुढे आहे. कॅलिब्रेशन फाइल माईकची असते, त्याच्या सीरियल नंबरची. ती कुठेही न्या. पण विंडोजमधली माईकची पातळी त्या त्या संगणकाची असते. नव्या लॅपटॉपवर ती वेगळी असते, शिवाय आवाज ‘सुधारणारी’ सोय चालू असते. ती गोंगाट दाबते, हळू आवाज उचलते. बोलण्यासाठी ते छान, मोजण्यासाठी घातक. ही सोय बंद करा, पातळी जुन्याइतकी ठेवा, सॅम्पल रेट जुळवा. यातलं काहीही सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जबरोबर आपोआप येत नाही.

इथे मला मुंबईची कुलाबा वेधशाळा आठवते. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तिथल्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या. पुढे घोड्यांच्या ट्राम विजेवर जाणार असं ठरलं, आणि त्या विजेने सूक्ष्म मापनं बिघडणार हे उघड होतं. संचालक नानाभाई मूस यांच्या काळात चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. इमारतीचं साहित्यही चुंबकीय नसलेलं निवडलं. पण अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा लगेच थांबवलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन जागांतला फरक त्यामुळे हाती आला आणि जुन्या नोंदी नव्यांना जोडता आल्या. मोजमापाचं स्थलांतर म्हणजे काय, ते मूस यांच्याकडून शिकावं.

आपल्याला दोन वर्षं नकोत, एक दुपार पुरे. लायसन्स दोन संगणकांना चालत असेल तर दोन्ही शेजारी ठेवा. एकालाच चालत असेल तर जुन्यावरचं मापन आधी उरकून आकडा लिहून ठेवा, मग लायसन्स हलवा. माईकवर कॅलिब्रेटर चढवा. तो एक हजार हर्ट्झला ९४ डेसिबल, म्हणजे एक पास्कल दाब देतो. जुन्याने ९४ दाखवले तर नव्यानेही तेवढेच दाखवले पाहिजेत. नाही दाखवले तर नव्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करा. कॅलिब्रेटर नसेल तर गेल्या आठवड्यात सांगितलेला पिंक नॉइज, म्हणजे चाचणीचा एकसारखा खरखराट, बंद खोलीत लावा आणि स्पीकर, माईक तसूभरही न हलवता दोन्हींवर मोजा. यात नव्याचं जुन्याशी जुळणं कळेल; जुनं खरं होतं का, ते कळणार नाही. त्यासाठी कॅलिब्रेटर मागून आणावाच.

पुरानी बस्तीच्या वाचकांनी दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत आणि मलाही कळवावेत. घुमणुकीकडे पुढच्या आठवड्यात वळू.