जनुकीय संकेत

जनुकीय संकेत म्हणजे डीएनएमधील माहितीवरून प्रथिने तयार करण्याची पेशीतील नियमावली होय. अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन व सायटोसिन या चार नत्रयुक्त घटकांच्या क्रमात ही माहिती साठवलेली असते. तिची प्रत संदेशवाहक आरएनए रायबोझोमपर्यंत नेतो. तेथे सलग तीन घटकांचा गट, म्हणजेच कोडॉन, एक अमिनो आम्ल दर्शवतो. एकूण ६४ कोडॉनपैकी ६१ कोडॉन २० अमिनो आम्लांसाठी असून उर्वरित ३ प्रथिननिर्मिती थांबवतात. या संकेताच्या उलगड्याबद्दल हरगोविंद खुराणा व अन्य दोन शास्त्रज्ञांना १९६८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

क्रमातील एका घटकाचा बदलही घातक ठरू शकतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात ठरावीक जागी अ‍ॅडेनिनऐवजी थायमिन आल्यास ग्लुटामिक आम्लाची जागा व्हॅलिन घेते. असे जनुक आई व वडील दोघांकडूनही आल्यास अपत्यास सिकलसेल आजार होतो.