काडतुसाची टोपी

मोठ्या गाजावाजाने हाती घेतलेले काम ऐन वेळी फसले, की ‘बार फुसका निघाला’ असे मराठीत म्हटले जाते. या शब्दांमागे बंदूक उडवणाऱ्याचा एक जुना आणि कडू अनुभव आहे. तोड्याच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडातून ठासून भरावी लागे. नळीच्या मागच्या टोकाला एक बारीक छिद्र असे. त्याला कान म्हणत. कानाशेजारच्या लहानशा पात्रात चिमूटभर बारीक दारू घालीत. तिचे नाव रंजक. जळता तोडा रंजकेला लागला की ती भडके, तिची ज्वाला कानातून आत शिरे, आणि मग मुख्य दारू पेटून गोळी सुटे. परंतु रंजक दमट असली, कान बुजलेला असला किंवा वारा सुटलेला असला, तर एवढा सारा खटाटोप वाया जाई. नळीत दारू कितीही उत्तम असो, ती आपली आपण पेटत नाही. तिला पेटवणारी ठिणगी वेळेवर आणि नेमक्या जागी पोचावी लागते. बंदुकीच्या इतिहासात या ठिणगीइतका विचार क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल.

तोड्याच्या जागी पुढे चकमक आली, तरी उघड्यावरची रंजक कायम राहिली. तिला कायमची रजा दिली ती एका धर्मोपदेशकाने. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी या गावचे पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीची बंदूक उडवताना आधी रंजक भडके आणि क्षणभराने बार होई. तेवढ्या अवधीत पक्षी सावध होऊन निसटत. या त्रासातून फोर्साइथ यांचे लक्ष आघाताने पेटणाऱ्या रसायनांकडे गेले. अशा रसायनांपैकी पाऱ्याच्या फल्मिनेटाचे वर्णन एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने १८०० मध्ये प्रसिद्ध केलेच होते. फोर्साइथ यांनी अशा रसायनावर हातोडीचा घाव घालून दारू पेटवण्याची युक्ती काढली आणि १८०७ मध्ये तिचे पेटंट मिळवले. पुढल्या काही वर्षांतच हे रसायन तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरले जाऊ लागले आणि ‘टोपीची बंदूक’ प्रचारात आली. पाऊसवाऱ्याचे भय बरेचसे सरले.

त्यानंतर दारू, गोळी आणि टोपी ही तिन्ही एका धातूच्या पुंगळीत एकत्र आली. तेच आजचे काडतूस. टोपी आता पुंगळीच्या बुडाशी, मधोमध केलेल्या खोबणीत बसू लागली. तिलाच इंग्रजीत प्रायमर हे नाव आहे. १८६६ या एकाच वर्षी तिच्या दोन तऱ्हा पुढे आल्या. इंग्लंडमधील वुलविच येथील शस्त्रशाळेचे एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत घाव झेलणारी चिमुकली ऐरण टोपीतच असते आणि खोबणीच्या तळाशी एकच छिद्र असते. अमेरिकेचे हायरम बर्डन यांच्या रचनेत ऐरण ही पुंगळीचाच भाग असते आणि छिद्रे सामान्यतः दोन असतात. गंमत अशी की इंग्रजाची टोपी अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची टोपी युरोपात. बॉक्सरच्या रचनेत मधल्या छिद्रातून सुई घालून वापरलेली टोपी सहज बाहेर ढकलता येते. त्यामुळे तीच पुंगळी पुन्हा भरणे सोपे झाले.

पितळी पुंगळी हा काडतुसाचा सर्वांत महाग भाग. दारू जळून जाते, गोळी निघून जाते. पुंगळी तेवढी मागे राहते आणि नीट जपली तर अनेक वेळा उपयोगी पडते. १८७० च्या सुमारास अमेरिकेच्या माळरानावर रानरेड्यांची शिकार करणारे लोक तळावर बसून आपली काडतुसे स्वतःच भरीत. १८८४ मध्ये न्यू हेवन येथे जॉन बार्लो यांनी या कामासाठी सांडशीसारखी छोटी हत्यारे बनवणारा ‘आयडियल’ नावाचा कारखाना काढला. आजही त्या देशात हजारो नेमबाज हे काम घरच्या टेबलावर करतात. खर्च वाचतो हे एक कारण. परंतु त्याहून मोठे कारण असे, की आपल्या बंदुकीला अनुकूल, एकसारखे काडतूस त्यांना हवे असते. भारतात मात्र हा घरगुती छंद होऊ शकत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा बनवण्यास मनाई आहे. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावला १९६४ पासून दारूगोळ्याचे कारखाने आहेत. टोपी लहान असली तरी तिच्या बाबतीतली दक्षता कारखान्यात काय किंवा अमेरिकन नेमबाजाच्या टेबलावर काय, सारखीच लागते.

ही दक्षता समजण्यासाठी टोपीच्या आत डोकावले पाहिजे. पातळ पितळेची एक वाटी, तिच्या तळाशी स्फोटक मिश्रणाचा थर आणि त्यावर तीन किंवा दोन पायांची ऐरण, एवढाच तिचा संसार. सध्याच्या बहुतेक टोप्यांत शिशाचे स्टिफनेट हे मुख्य द्रव्य असते. चाप ओढल्यावर बंदुकीतील पोलादी कील वाटीच्या पाठीवर आदळते, मिश्रण वाटी आणि ऐरण यांच्या कचाट्यात सापडते आणि पेट घेते. यासाठी ऐरणीचे पाय खोबणीच्या तळाला घट्ट टेकलेले हवेत. ते अधांतरी राहिले तर किलीचा पहिला घाव टोपी आत ढकलण्यातच खर्ची पडतो आणि बार फुसका निघतो.

वर राहिलेल्या टोपीचा याहून भयंकर धोका निराळाच आहे. एम-१ गॅरंडसारख्या काही आपोआप भरणाऱ्या बंदुकांत कील मोकळी असते. पुढचे काडतूस घेऊन खटका मिटतो, तेव्हा ती स्वतःच्या वेगाने टोपीला हलकेच शिवते. टोपी खोल बसलेली असेल तर हा स्पर्श निरुपद्रवी ठरतो. पण ती बुडाच्या वर डोकावत असेल, तर चापाला बोट न लावताच गोळी सुटू शकते. म्हणून टोपी पुंगळीच्या बुडाशी समपातळीत, किंबहुना इंचाच्या ३ ते ५ सहस्रांशांनी खाली असावी असा दंडक आहे. हे अंतर सुमारे वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढे आहे. माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो.

टोपी बसवण्याच्या रीती मुख्यतः तीन. पहिली, पुंगळीला आकार देणाऱ्या मोठ्या दाबयंत्रावरच ती बसवणे. या यंत्राचा दांडा लांब आणि जोर दांडगा. पितळ दाबण्यास तो योग्य, पण टोपी तळाला केव्हा टेकली हे त्यात हाताला उमगत नाही. दुसरी, मुठीत धरण्याच्या चिमट्याची. हिच्यात स्पर्श अचूक कळतो, परंतु शे-दोनशे पुंगळ्या झाल्या की तळहात भरून येतो आणि थकलेला हात चुका करतो. तिसरी रीत टेबलावर स्क्रूंनी पक्क्या केलेल्या, केवळ याच कामाच्या छोट्या यंत्राची. त्यात खालून दट्ट्या टोपीला वर उचलतो आणि पकडीत अडकवलेल्या पुंगळीच्या खोबणीत बसवतो. टेबलाचा आधार असल्याने हात थकत नाही आणि दांडा बेताचा असल्याने स्पर्शही हरवत नाही.

असे यंत्र निवडताना त्याच्या वेगाची जाहिरात वाचून भागत नाही. पहिली कसोटी स्पर्शाची. टोपी खोबणीत शिरताना होणारे घर्षण, तळाला टेकल्याचा क्षण आणि त्यानंतरचा किंचित दाब, या तीन अवस्था दांड्यातून निरनिराळ्या कळल्या पाहिजेत. दुसरी कसोटी सरळपणाची. दट्ट्या आणि खोबण एका रेषेत नसतील तर टोपी तिरपी शिरते. तिसरी कसोटी पकडीची. तिच्यात पुंगळीची कड हलता उपयोगी नाही. काही यंत्रांत खोली ठरवण्यासाठी अडसराचा स्क्रू असतो. ती सोय चांगली, पण तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. कारण यंत्र पुंगळीला कडेने धरते, आणि सगळ्या पुंगळ्यांच्या कडा सारख्या जाडीच्या नसतात. अडसर तोच राहिला तरी टोपीची खोली थोडी बदलते. अखेरचा निवाडा हातानेच करावा लागतो.

चौथी कसोटी सुरक्षेची आणि ती सर्वांत महत्त्वाची. काही यंत्रांत शंभरेक टोप्या एका उभ्या नळीत एकावर एक रचतात. एखादी टोपी दट्ट्याखाली चिरडून उडाली आणि तिची ज्वाला नळीत गेली, तर सगळ्या एकदम उडतात. म्हणून नळीभोवती जाड पोलादी कवच हवे, किंवा एका वेळी एकच टोपी पुढे सरकवणारी रचना हवी. याच कारणाने टोप्या मूळच्या खोक्यातच ठेवाव्यात. खोक्यात त्या एकमेकींपासून दूर असतात. बरणीत ओतलेल्या टोप्या म्हणजे एक बाँबच होय.

यंत्र कितीही चांगले असले तरी पुंगळीची तयारी नीट हवी. खोबणीत जुनी काजळी साचली असेल तर टोपी तळाला टेकत नाही. म्हणून ती खरवडून काढतात. लष्करी पुंगळ्यांत टोपी निसटू नये म्हणून खोबणीची कड दाबलेली असते. ती मोकळी केल्याशिवाय नवी टोपी बळजबरीने घालणे धोक्याचे. टोपीचा प्रकारही तपासावा लागतो. मोठी टोपी ०.२१० इंच व्यासाची आणि लहान ०.१७५ इंच व्यासाची. मोठ्या टोप्यांतही रायफलची टोपी पिस्तुलाच्या टोपीपेक्षा थोडी उंच असते; ती चुकून पिस्तुलाच्या पुंगळीत गेली तर बुडाच्या वर राहते. मग खाचा असलेल्या तबकात टोप्या हलवून त्या एका तोंडाने वळवून घेतात. डोळ्यांवर चष्मा, बोटे तेलरहित, आणि टेबलावर एका वेळी एकच जातीची टोपी, हे नियम जाणकार मोडत नाहीत.

दांडा झटक्याने नव्हे, सावकाश दाबायचा असतो. नेहमीपेक्षा जोर जास्त लागला तर थांबून कारण शोधावे. टोपी विनासायास आत गेली तर ती खूशखबर नव्हे; खोबण ताणून सैल झाली आहे, हा तिचा अर्थ, आणि ती पुंगळी टाकून देणेच बरे. बसवून झाल्यावर बुडावरून बोट फिरवतात. पुंगळी सपाट काचेवर उभी करून पाहण्याचीही चाल आहे; ती डगमगली तर टोपी वर आहे असे समजावे. हे सारे दारू भरण्यापूर्वी करायचे. दारू आणि गोळी भरलेल्या काडतुसाची टोपी पुन्हा दाबण्याचा मोह जीवघेणा ठरू शकतो. काम संपल्यावर हात धुणेही विसरू नये, कारण टोपीच्या धुळीत शिसे असते.

रंजक पात्रात घालणाऱ्या जुन्या बरकंदाजाला वाऱ्याची आणि पावसाची चिंता होती. आजच्या नेमबाजाची ती चिंता मिटली, पण रंजकेची जबाबदारी मिटली नाही. ती आता एका इवल्याशा वाटीत बंद होऊन त्याच्या बोटांखाली आली आहे. यंत्र त्याचा जोर वाचवते आणि काम एकसारखे करते. टोपी तळाला टेकली की नाही, हे मात्र त्याच्या हातालाच ओळखावे लागते.