आधी ओळख, मग नेम

आश्विन लागला, की पवनी, लाखांदूर, साकोलीच्या बांध्यांत धान लोंबीवर येतो आणि कास्तकाराची झोप उडते. रानडुकरांचा कळप रात्रीतून शिरतो आणि खातो त्याहून जास्त तुडवतो. सकाळी धुऱ्यावरून पाहावे, तर चिखलात खुरांचे ठसे आणि आडवा झालेला धान. मचाणावरची जागल, पत्र्याचे डबे, फटाके, सारे करून थकल्यावर काही जण शेताभोवतीच्या तारेत वीज सोडतात. त्या तारेला डुक्कर कोणते, वाघ कोणता आणि माणूस कोणता, हे कळत नाही. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातल्या प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ एप्रिल २०१७ मध्ये नागभीड भागात अशाच तारेने गेला.

म्हणून कायद्याने ठेवलेला मार्ग नीट समजून घ्यायला हवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. ते उभ्या पिकाला धोकादायक ठरले, तर कलम ११ खाली अधिकृत वनाधिकारी कारणे नोंदवून शिकारीची लेखी परवानगी देऊ शकतो. मारलेले जनावर सरकारच्या मालकीचे असते. बंदुकीचा परवाना वेगळा, तो शस्त्र कायदा, १९५९ खाली मिळतो. हे दोन्ही कागद हातात आल्यावरच स्कोपचा, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीचा, विचार करावा.

शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी नाव घेऊन उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा. तिची नळी आतून गुळगुळीत असते. गोळीला फिरकी मिळत नाही, त्यामुळे लांबच्या नेमाचा भरवसा नाही. तिच्यावर स्कोप बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. स्कोपचा उपयोग होतो तो रायफलवर, उदाहरणार्थ आयुध निर्माणीच्या .३१५ बोअर रायफलवर.

दुकानात मोठ्या आकड्याचा मोह पडतो. ‘३-९ x ४०’ याचा अर्थ चित्र तिप्पट ते नऊपट मोठे दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे. आता व्यासाला पटीने भागा. नऊपटीवर डोळ्यात येणारा उजेडाचा झोत जेमतेम साडेचार मिलिमीटरचा, चौपटीवर तो १० मिलिमीटरचा. अंधारात माणसाची बाहुली साधारण ५ ते ७ मिलिमीटर उघडते. म्हणजे दिवेलागणीला, नेमके डुकरे निघण्याच्या वेळी, नऊपट चित्र काळवंडते आणि चौपट चित्र उजळ राहते.

दुसरी गोष्ट चौकटीची. नऊपटीवर शंभर मीटरवरचा चारेक मीटर रुंदीचाच तुकडा दिसतो. मागून येणारी पिले, शेजारच्या बांधीतला माणूस त्या चौकटीत येतच नाहीत. धानाच्या शेतात मचाणावरून पन्नास-ऐंशी मीटरवर पाहायचे असते. त्याला १-४ किंवा २-७ पटीचा, चांगल्या भिंगाचा स्कोप पुरतो. २५ पटीचा स्कोप नेमबाजीच्या मैदानावर ठीक. आतली फुली बाहेरून जाड आणि मध्ये बारीक असावी, म्हणजे ती अंधारात हरवत नाही. डोळा आणि भिंग यांत ९ सेंटिमीटरच्या आसपास अंतर राहील, हेही पाहावे. नाहीतर बार उडताच रायफल मागे येते आणि भुवई फुटते.

महागडा स्कोपही शून्यावर आणला नाही, तर निरुपयोगी. परवानाप्राप्त रेंजवर कागदावर तीन गोळ्या झाडाव्यात, त्यांचा मध्य काढावा आणि मग चकती फिरवावी. बऱ्याच स्कोपचा एक ‘क्लिक’ पाव मिनिट कोनाचा असतो. शंभर मीटरवर त्याने नेम साधारण ७ मिलिमीटर सरकतो, पन्नास मीटरवर त्याच्या निम्मा. स्कोपची पकड सैल झाली किंवा रायफल पडली, तर हे सगळे पुन्हा करावे. यात कंटाळा केला, की जखमी डुक्कर धानात शिरते. मरणयातना त्याच्या, आणि जीव धोक्यात सकाळी कापणीला येणाऱ्या बाईचा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे स्कोपने जनावर शोधणे. स्कोप जिकडे वळतो, तिकडे नळीही वळते. धानात हलले ते डुक्कर की जागलीला आलेला शेजारी, हे आधी टॉर्च आणि हातातल्या दुर्बिणीने ठरवायचे. मग गोळीच्या मागे काय आहे ते पाहायचे. मचाणावरून खाली झुकलेल्या नळीतली गोळी चिखलात रुतण्याची शक्यता जास्त. धुऱ्यावरून आडवी झाडलेली गोळी बांधीतल्या पाण्यावरून उसळू शकते, आणि पलीकडे कुणाची टोली, म्हणजे छोटी वस्ती, असते.

स्कोप घेताना किती लांबचे दिसते, हे विचारू नका. अंधार पडताना किती स्पष्ट दिसते, ते विचारा आणि दुकानाबाहेर येऊन संध्याकाळी स्वतः पाहा. तरीही शेतात ओळख पटली नाही, तर गोळी झाडू नका. सकाळी पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज वनविभागाकडे द्या.