झुंजीतून मिळालेले नाव

धर्मपरंपरेनुसार यहुदी लोकांचा मूळपुरुष अब्राहाम. देवाच्या आज्ञेवरून तो कनान देशात आला. त्याचा मुलगा इसहाक, नातू याकोब. हा याकोब एका रात्री अनोळखी पुरुषाशी पहाटेपर्यंत झुंजला. मांडीचा सांधा निखळला, तरी आशीर्वाद मिळेपर्यंत त्याने पकड सोडली नाही. तेव्हा त्याला ‘इस्राएल’ हे नाव मिळाले. मला या वंशकथेतला हाच प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. अख्ख्या समाजाची ओळख त्यातूनच आली. कोकणातल्या बेने इस्राएली या यहुदी समाजाच्या नावाचा अर्थही ‘इस्राएलची लेकरे’ असाच आहे. याकोबाच्या 12 मुलांपैकी यहूदावरून ‘यहुदी’ शब्द रुजला. धर्मांतर करून यहुदी झालेल्या माणसालाही विधीत अब्राहाम आणि त्याची पत्नी सारा यांचेच अपत्य म्हणून पुकारतात.