लेफ्टनंट पेट्रोसिनो : दप्तरी दाखल

१२ एप्रिल १९०९ रोजी न्यूयॉर्क शहराने एका पोलीस लेफ्टनंटच्या अंत्यविधीसाठी सुट्टी दिली. दोन लाखांहून अधिक माणसे रस्त्यांच्या दुतर्फा उभी होती. महिनाभरापूर्वी सिसिलीतल्या पालेर्मो शहरात ज्युसेप्पे पेट्रोसिनो गोळ्या लागून मारला गेला होता. त्याचे चरित्र तेव्हापासून ठरावीक साच्यात सांगितले जाते : गरीब शिंप्याचा मुलगा, स्वकष्टाने डिटेक्टिव्ह झालेला, सत्तेचाळिसाव्या वर्षी संसाराला लागलेला, आणि तान्ही मुलगी घरी ठेवून कामगिरीवर गेला तो परत न आलेला. यातला एकही तपशील खोटा नाही. त्यातून काढला जाणारा अर्थ मात्र मला पटत नाही. पेट्रोसिनोच्या निष्ठेचे इतके पोवाडे गायले गेले, की एका खात्याचे काम एका माणसाच्या गळ्यात कोणी मारले, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

पेट्रोसिनोचा जन्म १८६० सालचा, दक्षिण इटलीतल्या पाडुला गावातला. लहानपणीच तो अमेरिकेत आला. बूट पॉलिश, मग रस्तेसफाई असे करत १८८३ मध्ये तो पोलिसांत भरती झाला. भरतीसाठी लागणाऱ्या उंचीत तो बसत नव्हता. पण इटालियन वस्त्यांतले बोलणे समजणारा माणूस खात्याला हवा होता, म्हणून नियमाकडे काणाडोळा झाला. १८९५ मध्ये थिओडोर रूझवेल्ट पोलीस कमिशनर असताना त्याला डिटेक्टिव्ह सार्जंट केले गेले. पुढे दोनच वर्षांनी त्याची खरी करामत दिसली. अँजेलो कार्बोने नावाच्या इटालियन माणसाला खुनाबद्दल मृत्युदंड झाला होता. पेट्रोसिनोने वस्त्यावस्त्यांतून माग काढत खरा खुनी बाल्टिमोरमध्ये गाठला आणि कार्बोने मरणाच्या दारातून परत आला. डिटेक्टिव्हची थोरवी त्याने किती जणांना आत टाकले यावर मोजायची सवय आपल्याला असते. या माणसाच्या बाबतीत मात्र सुटलेला कार्बोने मला जास्त मोलाचा वाटतो.

त्याची कामाची पद्धत आणि त्या पद्धतीची मर्यादा, दोन्ही १९०३ च्या एप्रिलमधल्या खुनात एकत्र दिसतात. मॅनहॅटनच्या पूर्व भागात रस्त्यावर एक लाकडी पिंप सापडले. आत भुसा आणि गळा चिरलेले प्रेत. मेलेला कोण, हेच कोणाला ठाऊक नव्हते. पेट्रोसिनो मयताचा फोटो घेऊन सिंग सिंग तुरुंगात गेला आणि खोट्या नोटांच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्या एका इटालियन कैद्याला तो दाखवला. कैद्याने ओळखले : हा माझा मेहुणा, बेनेदेत्तो मादोनिया. मोरेल्लो टोळीतल्या पेत्तो नावाच्या धटिंगणाजवळ सावकाराकडच्या गहाणाची पावती मिळाली होती. तिच्यावर सोडवून आणलेले घड्याळ मादोनियाचेच निघाले. ओळख पटली, माल मिळाला, टोळी कोठडीत होती. तरीही कोणाला शिक्षा झाली नाही, कारण कोर्टात साक्षीदार डळमळले. नातेवाइकांना टोळीची दहशत होती आणि सरकार आपल्याला सांभाळेल हा भरवसा नव्हता. एकटा हुशार माणूस पुरावा उभा करू शकतो, पण साक्षीदाराच्या घराला संरक्षण देऊ शकत नाही. ते काम शासनाचे.

याच सुमारास ‘काळा हात’ या नावाने खंडणीचे सत्र चालू होते. काळा पंजा, खंजीर, कवटी अशी चित्रे काढलेली पत्रे भाजीवाल्यांना, बँकवाल्यांना, केशकर्तनवाल्यांना येत. पैसे न दिल्यास दुकानात बॉम्ब फुटे, मूल पळवले जाई. शहरात पाच लाखांच्या आसपास इटालियन आणि त्यांची भाषा जाणणारे पोलीस बोटांवर मोजण्याइतके. इटालियन पथकाची मागणी पेट्रोसिनोने लावून धरली तेव्हा १९०४ मध्ये त्याला मूठभर माणसे मिळाली. पुढे पथक वाढले, तो लेफ्टनंट झाला, पण वस्ती आणि पथक यांचे प्रमाण हास्यास्पदच राहिले. त्यात कमिशनर थिओडोर बिंगहॅम यांनी १९०८ मध्ये एका नियतकालिकात स्थलांतरितांच्या गुन्हेगारीवर असा काही लेख लिहिला, की ज्यू समाजाच्या संतापापुढे त्यांना तो मागे घ्यावा लागला. ज्या वस्त्यांचा विश्वास मिळवायचा त्यांच्याचविषयी वरिष्ठ असे बोलत असताना खालचा माणूस खबरी कसे टिकवीत असेल, याची कल्पना करावी.

१९०७ च्या इमिग्रेशन कायद्याने एक वाट उघडली. मायदेशी शिक्षा झालेला माणूस अमेरिकेत आल्यापासून तीन वर्षांच्या आत सापडला, तर त्याला परत पाठवता येत होते. त्यासाठी इटलीतल्या कोर्टांतून शिक्षेचे दाखले आणायला हवे होते. ते आणण्यासाठी आणि तिथे खबऱ्यांचे जाळे उभारण्यासाठी पेट्रोसिनोची निवड झाली. डिसेंबर १९०७ मध्ये त्याने आदेलिना साऊलिनो या विधवेशी लग्न केले होते. तिच्या वडिलांचे इटालियन वस्तीत रेस्टॉरंट होते. नोव्हेंबर १९०८ मध्ये मुलगी झाली. ९ फेब्रुवारी १९०९ रोजी खोटे नाव घेऊन तो बोटीत बसला तेव्हा ती तीन महिन्यांचीही नव्हती. तो इटलीत पोहोचेपर्यंत न्यूयॉर्कच्या ‘हेरल्ड’मध्ये या कामगिरीची बातमी छापून आली होती. ही कामगिरी ज्या नव्या गुप्त पथकाची, त्याला नगरपालिकेने पैसा नाकारला, तेव्हा बिंगहॅम यांनी खासगी देणगीदारांकडून तो उभा केला होता. आपल्या नव्या पथकाविषयी पत्रकारांशी बोलणे त्यांना आवरले नाही.

१२ मार्चच्या रात्री पालेर्मोतल्या पियाझ्झा मरीना चौकात, हॉटेलकडे परतताना, बागेच्या कठड्यापाशी पेट्रोसिनो मारला गेला. संशय सिसिलीतल्या माफियाचे म्होरके डॉन व्हिटो काशो फेर्रो यांच्यावर होता. एका लोकप्रतिनिधीने ते त्या वेळी आपल्याकडे होते असे सांगितले. १९११ मध्ये सगळे संशयित पुराव्याअभावी सुटले. २०१४ मध्ये पालेर्मोच्या एका आरोपीने आपल्या वडिलांच्या काकांनी पेट्रोसिनोला मारले अशी बढाई मारल्याचे पोलिसांच्या चोरट्या ध्वनिमुद्रणात निघाले. घराण्याची फुशारकी म्हणजे पुरावा नव्हे. हे पेट्रोसिनोनेच आधी सांगितले असते.

खात्याला जबाबदार धरण्यावर आक्षेप असा, की दोष पेट्रोसिनोचाच होता. पालेर्मोच्या पोलिसांनी देऊ केलेला पहारा त्याने नाकारला, त्या रात्री पिस्तूल हॉटेलच्या खोलीत राहिले. खरे आहे. पण पोलिसाला बरोबर घेऊन खबऱ्याला भेटता येत नाही, आणि पालेर्मोच्या पोलिसांवर त्याचा भरवसा नव्हता. पिस्तुलाचा निष्काळजीपणा मात्र मी झाकणार नाही. आणखी कोणी म्हणेल, बातमी फुटली नसती तरी टोळ्यांना सुगावा लागलाच असता. लागला असताही. म्हणून खात्याने तो आयता पुरवावा, असे होत नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो : पेट्रोसिनो संशयितांवर हात टाकायला कचरत नसे, मग त्याला कसले डोक्यावर घ्यायचे? त्याच्या मारहाणीचे समर्थन करता येत नाही. साक्षीदार कोर्टात टिकत नाहीत, आरोपी जामिनावर सुटून त्याच गल्लीत येतो, अशा ठिकाणी पोलिसाला मुठी जवळच्या वाटू लागतात. हे कारण आहे, सबब नव्हे. पण देव्हाऱ्यातल्या पेट्रोसिनोला ही बाजू नसतेच, आणि ती नसली की खाते कुठे कमी पडत होते तेही दिसत नाही.

खात्याविषयीचा माझा आरोप मुख्यतः पेट्रोसिनोच्या मृत्यूनंतरच्या घडामोडींवर उभा आहे. इटालियन पथकातला व्हाक्रिस आणि त्याचा सहकारी क्राउली यांना अर्धवट राहिलेल्या कामासाठी इटलीला धाडण्यात आले. त्यांनी शिक्षेचे शेकडो दाखले गोळा केले. तोवर जुलै १९०९ मध्ये महापौरांनी बिंगहॅम यांना वेगळ्याच प्रकरणावरून काढले होते. नव्या कमिशनरांच्या कारकिर्दीत ते दाखले दप्तरी दाखल झाले. तीन वर्षांची मुदत धावत होती. एकेक नाव कायद्याच्या कक्षेबाहेर जात राहिले. ज्या कागदांसाठी एक माणूस गेला, ते कागद हाती असताना वापरले गेले नाहीत. १९११ मध्ये इटालियन पथकही मोडीत निघाले. पेट्रोसिनोच्या विधवेला शहराने वर्षाला हजार डॉलरचे पेन्शन मंजूर केले होते.