पिकअप गाडीचे पासिंग आणि काजळीची गाळणी

भाजीपाला वेळेवर बाजारात पोहोचला तरच त्याचे दाम हाती येतात. या कामी बैलगाडीची जागा आता बहुतेक ठिकाणी पिकअप गाडीने घेतली आहे. बैलाची निगा कशी राखावी हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. परंतु गाडीच्या धूर सोडणाऱ्या नळीत बसविलेल्या गाळणीची आठवण मात्र पासिंगची तारीख चार दिवसांवर आली म्हणजेच होते.

देशात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके लागू झाली. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविण्यासाठी चिनी मातीसारख्या पदार्थाची एक गाळणी असते. मिस्त्री तिला ‘डीपीएफ’ म्हणतात. मधाच्या पोळ्याप्रमाणे तिच्यात बारीक नळ्या असून त्यांची तोंडे आळीपाळीने बंद असतात. त्यामुळे धूर भिंतींतून झिरपून बाहेर पडतो व काजळी आत राहते. साचलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णतेत जळून जाते व गाळणी पुन्हा मोकळी होते.

अडचण येथेच उद्भवते. शेतातून गावात व गावातून जवळच्या बाजारात अशा चार-पाच किलोमीटरच्या संथ फेऱ्यांत ही उष्णता निर्माण होत नाही. काजळी जाळण्याचे काम सुरू होते न होते तोच गाडी बंद केली जाते. असे वारंवार घडले म्हणजे समोरचा दिवा लागतो, गाडी ओढत नाही आणि डिझेल अधिक लागते. जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल काही गाड्यांत इंजिनच्या तेलात उतरते. म्हणून पट्टीवर तेलाची पातळी वाढलेली दिसल्यास आनंद न मानता गाडी त्वरित तपासून घ्यावी.

अशा वेळी ‘गाळणी काढून टाका, दिवा विझवून देतो’ असा सल्ला देणारे भेटतात. हा सल्ला घातक आहे. गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ मनाई करते. प्रदूषणाच्या मर्यादेचा भंग केल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनुसार, १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. योग्यता प्रमाणपत्र नसेल तर मालवाहू गाडीची नोंदणीच वैध मानली जात नाही. शिवाय दिवा विझला तरी दोष जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत ठरविला आहे. आणि माल भरणारे मजूर व घरची मुले गाडीमागेच उभी असतात.

मग करावे काय? दिवा नुकताच लागला असेल व गाडीच्या पुस्तिकेत तशी सूचना असेल, तर मोठ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवावी. दिवा लुकलुकत असेल किंवा गाडीचा जोर कमी झाला असेल, तर मात्र ती कार्यशाळेतच न्यावी. तेथे यंत्र जोडून काजळी जाळता येते.

गाळणी महाग असते. ती बदलण्यापूर्वी ती तुंबली का, हे शोधणे अगत्याचे आहे. प्रथम हवेचा फिल्टर व दाब मोजणाऱ्या सेन्सरची रबरी नळी पाहावी. नंतर गळणारा इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह आणि टर्बोतून येणारे तेल तपासावे. मूळ कारण राहिले तर नवी गाळणीही तुंबते. काजळी जळते, पण इंजिनच्या तेलाची राख जळत नाही. म्हणून पुस्तिकेत सांगितलेले कमी राखेचे तेलच घालावे. सळईने टोचून वा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाळणी साफ करू नये, ती फुटते.

आणखी एक दक्षता. काजळी जळत असता नळी अतिशय तापते. अशी गाडी कडब्याच्या गंजीजवळ, वाळल्या गवतावर किंवा खळ्यावर उभी करू नये. एका ठिणगीने वर्षाची वैरण जाऊ शकते.

नोंदणीस एक वर्ष झाल्यावर पीयूसी प्रमाणपत्र जवळ असणे आवश्यक असून भारत स्टेज सहा गाड्यांस ते १२ महिने चालते. मालवाहू गाडीचे पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी करावे लागते. या दोन्ही तारखा घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात व त्यापूर्वी एक महिना गाडी दाखवून घ्यावी. घाईत चुकीचे उपाय सुचतात. सवड असली म्हणजे योग्य तो उपाय करता येतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामपूर्व सभेत बियाणे-खतांबरोबर हीदेखील सूचना शेतकरी बंधूंना अवश्य द्यावी. पिकावर रोग दिसण्यापूर्वी जो शेतात फेरी मारतो, त्याला गाडीचीही अशीच पाहणी करणे अवघड नाही.